शनिवार-रविवार बोर्डिंगमध्ये मुली करतात काय? रविवारी चार वाजता येऊन बघा

एका ताईंनी विचारलंय, मुलगी यंदा सहावीत जाणार, गावाकडं पुढं शाळा नाही, सोलापुरातल्या एका ख्रिस्ती मिशनच्या बोर्डिंगमध्ये ठेवायचं घरात चाललंय. आम्ही ख्रिस्ती नाही. तर शाळेला सुट्टी असते तेव्हा या मुली दोन दिवस करतात काय, चर्चला जावंच लागतं का, आणि पोरगी एकटी पडेल का. माहितीपत्रकात 'विविध उपक्रम' एवढंच छापलंय म्हणे.

ताई, मी २६ वर्षं बोर्डिंगमध्ये काढली, आधी मेट्रनच्या हाताखाली, मग मेट्रन, शेवटची ११ वर्षं वॉर्डन, आणि त्याच्या आधी स्वतः पाचवी ते दहावी बोर्डिंगची मुलगी होते. त्यामुळं दोन्हीकडून बघितलंय. कुठल्या शाळेचं नाव घेत नाही, सोलापूर छोटं आहे, कोण कुणाचं कोण लागतं कळत नाही. पण 'विविध उपक्रम' म्हणजे काय ते सांगते, आणि तुम्ही न विचारलेलंही सांगते कारण खरी गोष्ट तिथंच आहे.

आधी हे बघा की सोमवार ते शुक्रवार बोर्डिंग कसंही चालतं. खरंच. घंटा असते, शाळा असते, अभ्यासिका असते, पोरगी दमून झोपते. वाईटातलं वाईट बोर्डिंगसुद्धा बुधवारी बरं दिसतं. बोर्डिंग कसं आहे हे शनिवारी दुपारपासून कळायला लागतं आणि रविवारी चारला पूर्ण कळतं. चारचं का म्हणते ते पुढं येईल.

शनिवारी सकाळची शाळा, साडेअकरापर्यंत पोरी परत. जेवण झालं की पहिलं काम कपडे. आता सोलापूरचं पाणी तुम्हाला माहीत असेल नसेल, आमच्या वेळी इथं नळाला रोज पाणी यायचं नाही, चार दिवसांनी यायचं, कधी पाच दिवसांनी, उजनी धरण भरलेलं असलं तरी. त्यामुळं आमचा शनिवार कॅलेंडरवर नाही, टाकीवर ठरायचा. टाकी भरली असेल तर मुलीला तीन बादल्या, नसेल तर दोन, आणि दोन बादल्यांत आठवड्याचे कपडे कसे धुवायचे हे मी सहावीच्या पोरींना जितकं मन लावून शिकवलं तितकं मला कुणी अंकगणित शिकवलं नाही. पहिल्या बादलीत फक्त पांढरे, त्याच पाण्यात मग रंगीत, शेवटी मोजे, आणि ते पाणी संडासाला. महिन्यातून एकदा चादरी. सोलापुरी चादर कोरडी असताना पांघरायला लई भारी वाटते, ओली झाली की गाढवाचं वजन होतं तिचं, दोघी दोन टोकं धरून पिळतात, एकीनं सोडलं की दुसरी खाली बसते आणि मग अर्धा तास हसणं चालतं. नवीन आलेल्या पोरीची पहिली मैत्रीण बऱ्याचदा चादर पिळतानाच झालेली मी बघितलीय.

मग केस. तेल, बारीक फणी, उवा-लिखा बघणं, नखं. हे ऐकायला कसंतरी वाटतं पण सांगते, आठवड्यातनं एकदा कुणाच्या तरी मांडीवर डोकं ठेवून बसायला मिळणं ही अकरा वर्षांच्या पोरीसाठी लहान गोष्ट नाही. मोठ्या मुली लहानींचे केस विंचरतात. घरी आई करते तेच, फक्त इथं आठवीतली ताई करते.

इथं एक माझी चूक सांगते. एका बोर्डिंगमध्ये असताना, नाव नको, कपडे धुवायच्या वेळी मी ऑफिसात हिशेब लिहीत बसायची, म्हटलं तेवढाच शांत वेळ. एका सहावीच्या मुलीचे हात फुटले. थंडी होती, मला वाटलं थंडीनं फुटले असतील, व्हॅसलीन दिलं. पुढच्या आठवड्यात परत तेच. विचारलं तर म्हणते कशी, "काही नाही बाई, साबण जास्त लागलं." साबण का जास्त लागलं? तर नववीतल्या दोघींचे कपडे ही धूत होती, दोन महिने. मारहाण नाही, धमकी नाही, नुसतं 'तू माझी धाकटी बहीण ना' असं लाडानं. त्या दिवसापासून शनिवारी दुपारी माझी खुर्ची धुण्याच्या दगडांजवळ. हिशेब रात्री. मोठ्या मुलींच्या हातात लहान मुली देणं हा बोर्डिंगचा सगळ्यात चांगला भाग आहे आणि सगळ्यात धोक्याचाही तोच, आणि ज्या वॉर्डनला हे दोन्ही एकदम दिसत नाही तिनं ही नोकरी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, कुणाला राग आला तर येऊ दे.

हे सगळं पोरींकडून का करून घ्यायचं, बाई ठेवता येत नाही का, असं आता बरेच पालक विचारतात. फी भरतो की आम्ही, म्हणतात. तर याला जुनं कारण आहे. आपल्याकडची मिशनची बोर्डिंग अमेरिकन मराठी मिशनच्या कामातनं वाढली, ते लोक १८१३ ला मुंबईत उतरले, १८३१ ला अहमदनगरला ठाणं झालं आणि नंतर सोलापूरकडं काम आलं. पुढं १८९६-९७ चा दुष्काळ आणि लगेच १८९९-१९०० चा, त्यात आईबाप गेलेली पोरं शेकड्यानं मिशनच्या कंपाउंडमध्ये आली. केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे ना, आपल्या सोलापूर-पुणे रेल्वे लाइनवरच, तिथंही दुष्काळातल्या मुली आणि बायका आणल्या, आणि शाळेबरोबर शेती, विणकाम, छापखाना हे सगळं त्याच बायका चालवायच्या. म्हणजे बोर्डिंग आधी घर होतं आणि शाळा त्यात होती. पुढं खेड्यापाड्यातली पोरं शिकायला यायला लागली तरी ती घडी तशीच राहिली, अंगण झाडायचं, स्वयंपाकघरात पाळी, बागेला पाणी. आता काही ठिकाणी ही पाळी नुसती शिस्त लावायला किंवा शिक्षा म्हणून देतात, ते चूक. काम खरं पाहिजे. पोरीनं निवडलेली भाजी संध्याकाळी ताटात आली तर ते काम. नुसताच वऱ्हांडा दोनदा झाडायला लावला तर पोरींना लगेच कळतं.

शनिवार संध्याकाळी फोन. आमच्याकडं मुलीला पाच मिनिटं, माझ्या टेबलावरच्या फोनवरनं. काही बोर्डिंगमध्ये नवीन मुलीला पहिला महिना फोनच देत नाहीत, म्हणतात आवाज ऐकला की रडते, रुळत नाही. मला हे कधीच पटलं नाही. रडू दे की. रडलेली पोर जेवते, न रडलेली जेवत नाही. तुम्हाला एक सांगून ठेवते ताई, पहिले पाच-सहा आठवडे मुलगी फोनवर रडली, मला न्या म्हणाली, तर घाबरू नका आणि पहिल्याच रविवारी पळत येऊन घेऊन जाऊ नका. पण तिसऱ्या महिन्यात ती प्रत्येक प्रश्नाला नुसतं 'हो', 'ठीक आहे', 'चांगलंय' असं म्हणायला लागली, कुणाचं नाव घेईना, कुणाशी भांडण झालं तेही सांगेना, तर मात्र या. न सांगता या. भांडण सांगणारी मुलगी ठीक असते.

रात्री जेवणानंतर रविवारच्या गाण्याची प्रॅक्टिस, पेटी, ढोलकी, आता कीबोर्ड पण आलाय. सोलापूरच्या बोर्डिंगचं हे एक वेगळंच आहे, पोरी घरी बोलतात तेलुगू, नाहीतर कन्नड, नाहीतर दखनी हिंदी, शाळेत मराठी, आणि आपसात ते सगळं एकत्र करून जे काही होतं ते. पूर्व भागातल्या पद्मशाली घरातली पोरगी, अक्कलकोटकडची कन्नड बोलणारी, मंगळवेढ्याची मराठी, तिघी एका भजनाचं एकेक कडवं आपापल्या भाषेत म्हणतात आणि चाल मात्र तीच जुनी अभंगासारखी. बाहेरचे पाहुणे आले की त्यांना वाटतं हा कार्यक्रम बसवलाय. बसवलेला नसतो हो, पोरींना तसंच येतं.

आता रविवार आणि तुमचा चर्चचा प्रश्न. सहाला उठणं, आंघोळ, इस्त्री. इस्त्री एकच आणि पोरी शंभर, म्हणून शहाण्या मुली शनिवारी रात्रीच स्कर्ट गादीखाली घालून झोपतात, सकाळी कडक. मग दोन-दोनच्या रांगेत चालत चर्चला. आधी संडे स्कूल, त्यात गोष्ट, वचन पाठांतर, चित्रं, मग मोठ्यांबरोबर उपासना, पाळक साहेबांचा संदेश. संदेश लांबला की मागच्या दोन बाकांवर डुलक्या सुरू, त्यांना मी कधी उठवलं नाही. लहानपणी मीपण तिथंच झोपलेय.

सक्ती आहे का? कायद्यानं नाही. घटनेचं कलम २८(३) आहे, सरकारमान्य किंवा सरकारी अनुदानातनं चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत कुणालाही धार्मिक शिक्षण घ्यायची किंवा उपासनेला बसायची सक्ती करता येत नाही, मूल अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. आणि कलम ३० प्रमाणे अल्पसंख्याकांना आपली शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क आहे. दोन्ही बरोबर चालतात, भांडण नाही. म्हणून प्रवेशाच्या वेळी तुमच्यापुढं संमतीचा कागद येईल, तो वाचा, नुसती सही ठोकू नका. नाही म्हणायचं असेल तर तिथंच नाही म्हणा आणि मग विचारा, नाही म्हटलेल्या मुली त्या तीन तासांत कुठं असतात, कुणाजवळ असतात. हा प्रश्न महत्त्वाचा. आमच्याकडं त्या एका बाईंबरोबर वाचनखोलीत बसायच्या.

पण खरं ते सांगते. शंभरातल्या नव्वद पोरी नटूनथटून बाहेर निघाल्या आणि दहा जणी वाचनखोलीत, तर त्या दहांतल्या सात जणी दुसऱ्या महिन्यात बाई आम्हीपण येतो म्हणतात. सक्ती कुणी केली नाही, तरी ही ओढच आहे आणि ती नाहीच असं म्हणणं खोटेपणाचं होईल. माझा नियम असा होता की मुलगी आपणहून म्हणाली तरी आधी घरी फोन, आईवडील हो म्हणाले तर चल. काही सहकाऱ्यांना हे जास्तीचं वाटायचं. मला वाटतं, दुसऱ्याची पोर आहे, विचारून घ्यावं. आणि उलटंही सांगते, सव्वीस वर्षांत माझ्याकडं लिंगायत, धनगर, पद्मशाली, मुसलमान, बौद्ध सगळ्या घरच्या मुली होत्या, बऱ्याच जणी आजपण नाताळला फोन करतात आणि घरी सिद्धेश्वराला मनोभावे जातात, त्यांचं काही बिघडलं नाही आणि आमचंही नाही.

सिद्धेश्वर म्हटलं की गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, आला. संक्रांतीच्या आसपास सोलापुरात अभ्यास वगैरे काही होत नाही हे लिहून ठेवा. सात नंदीध्वज, ६८ लिंगांना तैलाभिषेक, संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, मग होम आणि शोभेचं दारूकाम, सगळं शहर रस्त्यावर. ज्यांच्या घरी हे आहे त्या मुलींना आम्ही पास देऊन दोन-तीन दिवस घरी सोडायचो, आणि राहिलेल्यांना दारूकामाच्या रात्री गच्चीवर. गच्चीवर कठडा छातीपर्यंत असला तरी मी आणि दोन बाया जिन्याच्या तोंडाशी. घरनं परत आलेल्या पोरी गड्ड्यातनं बांगड्या, पेढे, तिळगूळ असलं कायकाय आणायच्या आणि मग आठवडाभर बोर्डिंगमध्ये तिळगूळ घ्या गोड बोला, मेट्रनसुद्धा गोड.

रविवारचं जेवण म्हणजे तर विचारू नका. आठवडाभर डाळ, भात, चपाती, एखादी पातळ भाजी, रविवारी मटण किंवा चिकन. ११० पोरींना १३-१४ किलो मटण लागतं, तुकडे मोजून दोन, रस्सा मागेल तेवढा. सोलापुरात जन्मलेल्या पोरीला मटणाबरोबर चपाती चालत नाही, ज्वारीची भाकरी पाहिजे, ती कडक असली तर उत्तमच, रश्श्यात चुरून. शाकाहारी मुलींना त्या दिवशी हुग्गी किंवा धपाटे. या जेवणाआधीची प्रार्थना सगळ्यात छोटी असते, कुणीही म्हणा.

दुपारी झोप. मग भेटीचा रविवार असेल तर पालक. आमच्याकडं महिन्याचा दुसरा रविवार होता, एक ते चार. झाडाखाली सतरंज्या टाकून डबे उघडतात, शेंगाची चटणी, बेसनलाडू, शेंगाच्या पोळ्या, आणि ज्यांचं कुणी येत नाही त्या मुली वरच्या खिडकीतनं बघत असतात.

आणि चार वाजतात. पालक निघतात. फाटक लागतं. उन्हं उतरायला लागतात, उद्या सोमवार, आणि सगळ्या बोर्डिंगवर एक कसली तरी मळभ येते. भेटीचा रविवार नसला तरी ती येते. चार ते सहा. मी मुलगी होते तेव्हा मलाही व्हायचं आणि मी वॉर्डन झाले तरी व्हायचं. पळून जायचा प्रयत्न, खोटी पोटदुखी, चोरी, मोठी भांडणं, माझ्या रजिस्टरात बघाल तर निम्म्याहून जास्त रविवारी संध्याकाळी.

मी सुरुवातीला काय केलं, हा वेळ गच्च भरून टाकला. अंताक्षरी, संगीत खुर्ची, बायबल क्विझ, फॅन्सी ड्रेस, बक्षिसं. माहितीपत्रकात फोटो छान यायचे. एकदा अशीच अंताक्षरी जोरात चाललेली, मोजणी केली तर एक मुलगी कमी. माझे पाय गार पडले. सापडली टाकीच्या मागं, गुडघ्यात डोकं घालून. सहावीतलीच होती, परांड्याकडची. म्हणाली, "मी रडलाले नाही बाई, डोळ्यात साबण गेलंय." रविवारी कुठला आलाय साबण. मी काही बोलले नाही, तिला घेऊन स्वयंपाकघरात गेले, तिथं मामी सोमवारच्या चटणीसाठी शेंगा फोडत बसलेल्या, आम्ही पण बसलो. दहा मिनिटं कुणीच बोललं नाही. मग ती पोर आपणहून सांगायला लागली, आजी आजारी आहे, मी आल्यापासनं तिला कोण पाणी देत असेल, असं. हात चालू होते, खाली बघून बोलत होती. माझ्या तोंडाकडं बघावं लागलं असतं तर बोलली नसती.

पुढच्या रविवारी मी अंताक्षरी बंद केली आणि अंगणात शेंगांचं पोतं उलटं केलं. ज्याला यायचं त्यानं या, नाही त्यानं झाडाखाली लोळा, पुस्तक वाचा, पत्र लिहा, काही करू नका, फक्त मला दिसाल तिथं. पहिल्या दिवशी वीस आल्या, महिन्याभरात साठ. शेंगा फोडायच्या, ज्वारी निवडायची, चिंचा असल्या हंगामात तर चिंचोके काढायचे. पोरी घरानं बसायच्या. आमच्याकडं 'घर' म्हणजे दहा-बारा मुली, पाचवीपासून दहावीपर्यंतच्या मिसळून, प्रत्येक घराला एक थोरली. वर्गवारी झोपवलं की सहावीच्या सगळ्या जणी एकदम रडतात, मिसळून ठेवलं की दोघी रडतात आणि दहा जणी समजावतात. फक्त थोरली दरवर्षी बदलायची आणि तिच्यावर माझं लक्ष असायचंच, मघाशी सांगितलं त्या हातांमुळं.

सहाला दिवेलागण, छोटी प्रार्थना, त्यात ज्याला पाहिजे तिनं घरच्यांची नावं घ्यायची, आजी, भाऊ, म्हैस, काहीही. एकीनं सलग दोन महिने म्हशीसाठी प्रार्थना केली, म्हैस व्याली तेव्हा सगळ्या बोर्डिंगनं टाळ्या वाजवल्या. मग जेवण, आणि मळभ गेलेली असायची. पळून जायचे प्रकार त्यानंतर जवळजवळ थांबले, पूर्ण नाही.

सहली वगैरे असतात, पण त्याला फार भुलू नका. हिप्परग्याचा तलाव, भुईकोट किल्ला, नान्नजचं माळढोक अभयारण्य, तिथं माळढोक मला एकदाही दिसला नाही, काळवीट मात्र भरपूर. डॉ. कोटणीसांचं स्मारक, ते सोलापूरचेच, १९१० चा जन्म, चीनमध्ये जखमींची सेवा करता करता १९४२ ला तिथंच गेले, पोरींना ही गोष्ट लई आवडते, दोघी-तिघी तरी डॉक्टर व्हायचं म्हणून परत येतात. हत्तरसंग कुडलला भीमा-सीनेचा संगम आणि मराठीतला फार जुना शके ९४० चा शिलालेख. वर्षाला दोन सहली पुष्कळ झाल्या. एप्रिलमध्ये ४२-४३ डिग्रीत कुठं नेत असतील तर मात्र तुम्ही नाही म्हणा.

नाताळ बोर्डिंगमध्ये नाताळाच्या आधीच होतो, कारण २२-२३ तारखेला मुली घरी जातात. डिसेंबर लागला की कागदी तारे, गव्हाणीचा देखावा, नाटिका, त्यात मेंढपाळ व्हायला सगळ्या तयार, दुष्ट राजा हेरोद व्हायला कुणी नाही. कॅरल म्हणत कंपाउंडमधल्या घराघरांत फिरायचं, चहा-करंजी मिळते. हो, आमच्या नाताळला पण करंज्या, चकल्या, शेव, तुमच्या दिवाळीसारखाच फराळ, दीडशे करंज्या एका दुपारी पोरी लाटतात आणि शंभर उरतात. आणि पीक निघालं की उपकारस्तुतीचा रविवार, लोक शेतातलं आणतात, धान्य, भोपळे, कोंबड्या, आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव. एका वर्षी पोरींनी सांडपाण्यावर लावलेली मेथीची एक जुडी लिलावात ठेवली, एका रिटायर्ड गार्डसाहेबांनी ती ३०० रुपयाला घेतली. त्यानंतर वर्षभर मेथी उपटू देईनात कुणाला.

आता तुम्ही बघायला जाल तेव्हा. शाळेवाले तुम्हाला मंगळवारी अकराला बोलावतील. जा, पण रविवारी चारलाही जा, म्हणा जवळनं चाललो होतो. पोरी कुठं आहेत बघा. सगळ्या टीव्हीसमोर कोंबलेल्या असतील आणि बाई फोनवर असतील तर समजून जा. सगळ्या रांगेत बसून काहीतरी स्पर्धा चालू असेल तरी मला ते फारसं बरं वाटणार नाही. दोन-चार जणी भांडतायत, कुणी झोपलीय, कुणी केस विंचरतंय आणि एक मोठं माणूस मध्ये बसलंय, तर बरं. न्हाणीघराला आतनं कडी आहे का, रात्री मजल्यावर बाई झोपतात का, मुलीला बाहेर कोण नेऊ शकतं त्याची फोटोसहित यादी आहे का, हे विचारायला लाजू नका. १०९८ हा मुलांच्या मदतीच्या हेल्पलाइनचा नंबर पोरींना दिसेल अशा भिंतीवर लिहिलेला पाहिजे, ऑफिसात नाही. आणि २०१२ चा पॉक्सो कायदा, त्यात असं आहे की मुलाबरोबर लैंगिक गैरप्रकार झाल्याचं कळलं तर पोलिसांना सांगणं हे कळणाऱ्यावर बंधनकारक आहे, आधी कमिटीला विचारतो मग बघू असं चालत नाही. वॉर्डनना सरळ विचारा, असं कळलं तर तुम्ही पहिला फोन कुणाला करता. 'आमच्याकडं असं काही होत नाही' हे उत्तर आलं तर दुसरं बोर्डिंग बघा.

एकटी पडेल का? पडेल, रविवारी चार ते सहा, थोडे महिने. बाकी आठवडा तिला वेळच मिळणार नाही. घरी पण रविवारी संध्याकाळी पोरं जरा उदासच असतात की, आपलं लक्ष नसतं एवढंच.

भेटीच्या रविवारी येताना तिच्या एकटीसाठी महागडी चॉकलेटं आणू नका, वरच्या खिडकीत बघणाऱ्या असतात. पाच-सहा किलो शेंगा आणा. भाजलेल्या नको, कच्च्या, टरफलासकट. आणि चारला लगेच उठू नका, वॉर्डननी परवानगी दिली तर अर्धा तास बसा आणि पोरींबरोबर फोडा.